तांब्याच्या चुऱ्याची नळी

“रेघ सपाट झाली. बरं. त्यावरून काय सिद्ध होतं?” सबनीस सरांनी विचारलं.

सौमित्र खाटेशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप उघडून बसला होता. आयुष्यभर निरपेक्ष शून्य तापमानाच्या जवळ जाऊ पाहणाऱ्या सरांना आता इस्पितळातला एसी सोसत नव्हता. गळ्यापर्यंत पांघरूण होतं. त्याखालून, छातीला चिकटवलेल्या तारा उशाशी असलेल्या पडद्यापर्यंत गेल्या होत्या. पडद्यावर त्यांच्या हृदयाची हिरवी रेघ अडखळत चालली होती.

डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन जे सांगायचं असतं ते सकाळीच सांगून झालं होतं. सर मरणाला टेकले होते. तोंडी परीक्षा घेण्याची खोड तेवढी शाबूत होती.

“सिद्ध होतं की गोटी भिंतीवरून उडी मारत नाही. भिंतीतून जाते.”

“कसली गोटी?”

“सर, आता तुम्हाला मी काय सांगायचं...”

“सांग. मला सगळं पहिल्यापासून ऐकायचंय.”

सौमित्रने एक सुस्कारा टाकला. प्रयोगशाळेतला सगळ्यात हुशार विद्यार्थी तोच होता, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

“दोन अतिवाहक धातूंच्या मधे एक पातळ पापुद्रा. ते आपलं जंक्शन. पुरेसं थंड केलं की त्यातून वीज विनाअडथळा वाहते. ती अवस्था म्हणजे उतारावरच्या खळग्यात बसलेली गोटी. उष्णता तिला हलवत राहते. कधीतरी एक हिसका मोठा बसतो, गोटी काठावरून सुटते आणि गडगडत खाली जाते. जंक्शनवर व्होल्टेज दिसलं की समजायचं, सुटली.”

“कधी सुटते?”

“एका वेळेचं सांगताच येत नाही सर. पुन्हा पुन्हा खळग्यात बसवायची, पुन्हा पुन्हा सुटू द्यायची. मग सरासरी निघते.”

“सुटली तरी परत बसवता येते.”

“हो. हवी तितक्या वेळा.”

सरांनी पडद्याकडे पाहिलं.

“चैन आहे तिची,” ते म्हणाले.

सौमित्र हसला. सर हसले नाहीत, म्हणून तोही थांबला.

“पुढे.”

“थंड करत गेलं की हिसके मंदावतात. गोटी जास्त वेळ टिकते. सुटण्याचा वेग कमी कमी होतो, आलेखावरची रेघ खाली उतरत जाते. माझी रेघ उतरली आणि एका जागी थांबली. त्यापुढे कितीही थंड केलं तरी गोटी त्याच वेगाने सुटत राहिली. म्हणजे तिला उष्णता बाहेर काढत नाही. ती आपोआप, खळग्याच्या भिंतीतून जातेय. उद्या बंगळुरूच्या परिषदेत हेच मांडायचंय. तुम्ही फक्त हो म्हणा.”



“हेमांगीची रेघ थांबली नव्हती,” सर म्हणाले.

...

हेमांगी वाघमोडे जतकडची. वडिलांची मेंढरं होती. त्याच जंक्शनवर, त्याच रांजणात तिने सौमित्रच्या आधी मोजमाप केलं होतं. रांजण म्हणजे ज्यात जंक्शन थंड करतात ते उभं, भलंमोठं पात्र. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण आमच्या प्रयोगशाळेत त्याला रांजणच म्हणतात.

तिची रेघ शेवटपर्यंत उतरतच गेली. कुठेही सपाट झाली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की गोटी अजून उष्णतेनेच सुटतेय, भिंतीतून जाण्याइतकं थंड जंक्शन अजून झालेलंच नाही.

सौमित्रचं म्हणणं, हिला मोजता येत नाही.

गेल्या श्रावणात हेमांगीने वसतिगृहाच्या खोलीत स्वतःला संपवलं. चिठ्ठी नव्हती. वडील आले, ट्रंक घेऊन गेले. कुणाशी काही बोलले नाहीत.

त्यानंतर सौमित्रने तोच प्रयोग केला आणि त्याची रेघ सपाट झाली. लोकांनी पाठ थोपटली. पण तो सरांकडे आला होता तो शाबासकीसाठी नाही, हे मला त्यानेच पुढे कधीतरी सांगितलं. रेघ खरी असेल तर हेमांगी चुकली होती. ती चुकली असेल, तर तो तिला जे जे बोलला ते एका चुकणाऱ्या मुलीला बोलला. आणि रेघ खोटी असेल तर... तर बरोबर असलेल्या मुलीला बोलला. त्याला त्या ‘हो’ची गरज अन्नासारखी झाली होती. आणि हो म्हणू शकणारा माणूस आज आहे, उद्या असेलच असं नव्हतं.

...

“जंक्शन थंड होतं हे तुला कुणी सांगितलं?” सरांनी विचारलं.

“थर्मामीटरने.”

“तो कुठे बसवलाय?”

“रांजणाच्या तळाशी. तांब्याच्या थाळीवर.”

“म्हणजे थाळी थंड होती.”

“जंक्शन त्याच थाळीवर आहे सर.”

“माझे पायही याच खाटेवर आहेत. हात लावून बघ.”

सौमित्रने पांघरुणाखाली हात घातला. पाय गार पडले होते. त्याने हात पटकन मागे घेतला.

“आता कपाळ बघ.”

कपाळ तापलेलं होतं.

“एकाच खाटेवर,” सर म्हणाले.

...

सौमित्र वादात हार मानणाऱ्यांपैकी नव्हता. गुरू मरणाच्या दारात असला तरी नाही. त्याने लॅपटॉपवर दुसरं चित्र उघडलं.

“सर, जंक्शन थाळीला घट्ट दाबलेलं आहे. त्याला गरम करणार कोण? आत हवा नाही, उजेड नाही, काही नाही.”

“तार आहे.”

“तार तर लागणारच. तिच्याशिवाय मोजणार कसं?”

“तारेचं वरचं टोक कुठे असतं?”

“वर... खोलीत. यंत्राला जोडलेलं.”

“खोलीत पंखा असतो. ट्यूबलाइट असते. तू असतोस.”

सौमित्रने लॅपटॉपवरच्या चित्रातली तार बोटाने वरपर्यंत नेली.

“आपण एवढा खटाटोप करून त्याला जगापासून तोडतो,” सर म्हणाले. त्यांना मधेच धाप लागली. ती ओसरेपर्यंत सौमित्रने वाट पाहिली. “आणि मग ठीक आहेस ना, हे विचारायला एक तार सोडतो. सगळी विजेची खरखर त्या तारेतून खाली जाते. थाळी गार राहते. जंक्शन नाही.”

“म्हणून तर फिल्टर असतो ना.”

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

“असतो,” सर म्हणाले. “तुझ्या तारेत होता का?”

...

सबनीस सरांच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. नवीन आलेल्याला पहिले काही आठवडे कुठल्याच यंत्राला हात लावू द्यायचा नाही. त्याच्या हातात एक तांब्याची नळी द्यायची आणि तांब्याचा पिठासारखा बारीक चुरा. नळीतून एक तार न्यायची आणि तिच्याभोवती तो चुरा चिकट रसात कालवून ठासून भरायचा, मधे हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. वरून येणारी खरखर या चुऱ्यात जिरते. बुडबुडा राहिला की नळी पुन्हा पहिल्यापासून. हुशार मुलांना हे काम म्हणजे शिक्षा वाटायची. सौमित्रने त्याची नळी कशीबशी भरली होती आणि ती कधीच वापरली नव्हती.

हेमांगीने मात्र जीव ओतून भरली. तिच्यासारखी नळी प्रयोगशाळेत दुसरी झाली नाही. तिने ती मुख्य तारेत बसवली. त्याच तारेतून जंक्शनला मायक्रोवेव्ह लहरींचे हलके धक्के द्यायचे असत, गोटी कुठल्या लयीला दाद देते ते पाहायला.

आणि तिथेच माशी शिंकली. नळी खरखर जिरवायची, तसे धक्केही बरेचसे जिरवायची. खाली पोचायचे ते अगदी क्षीण.

“माझे धक्के पोचतच नव्हते सर,” सौमित्र म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “नळीने सगळं खाऊन टाकलं होतं. दिवस दिवस बसून काही दिसायचं नाही.”

“म्हणून?”

“म्हणून काढली.”

“आणि मग दिसायला लागलं.”

“हो.”

“सपाट रेघ.”

“सर, कदाचित ती खरीही असेल. नळी काढली म्हणजे रेघ खोटीच, असं नाही ना म्हणता येत!”

“नाही म्हणता येत,” सर म्हणाले. “तू नळी परत लावून पाहिलंस?”

...

“पाहिलंस का?”

“नाही.”

“वेळ नव्हता?”

“वेळ होता,” सौमित्र म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी कुणाला तरी डबा ठेवून जा म्हणून ओरडत होतं. खोलीत सरांच्या श्वासाचा आवाज होता, आणि पडद्याची बारीक टिकटिक.

...

“तो धक्का किती मोठा असतो रे?” सरांनी विचारलं. “मायक्रोवेव्हचा. एक.”

“एक? एक म्हणजे काहीच नाही सर. फार क्षुल्लक.”

“त्याने गोटी सुटते?”

“एकाने नाही सुटत.”

“मग?”

“लय साधली पाहिजे. खळग्यात गोटी ज्या लयीत झुलते, त्याच लयीत पुन्हा पुन्हा दिला की तिचा झोका वाढत जातो. मग एखादा लहानसा हिसकासुद्धा...”

तो थांबला.

सर त्याच्याकडे पाहतही नव्हते. डोळे छताकडे होते.

“चहाच्या वेळी तू तिला काय म्हणायचास?”

“सर...”

“मला नीट आठवत नाही. म्हणून विचारतो.”

सरांना सगळं आठवत होतं. हे सौमित्रलाही कळत होतं.

“म्हणायचो... ‘हेमांगी, नळी भरतेस का कणगी?’”

कणगी म्हणजे खेड्यातल्या घरातली धान्याची कोठी, बांबूच्या कामट्यांची, वरून लिंपलेली. चहाचे कप आले की सौमित्र हे म्हणणार, हे ठरलेलं असायचं. सगळे हसायचे. हेमांगीही हसायची. पहिले काही दिवस तर चांगली मोकळी हसायची.

“रोज?”

“गंमत होती सर. मी दुसरं काही केलं नाही. कधी आवाज चढवला नाही, तिचं काही अडवलं नाही. बैठकीत एकदा म्हणालो, की हिच्या हाताचं मोजमाप धरू नका. तेही एकदाच.”

“क्षुल्लक.”

“हो. म्हणजे... हो.”

“मीही हसायचो,” सर म्हणाले. “कप हातात घेऊन. मला ती कणगी फार आवडायची.”

त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. पुसायला त्यांनी हात उचलला नाही. सौमित्रलाही पुसता आलं नाही. आपण कोण ते पुसणारे, असं त्याला वाटलं.

...

“नळी कुठे आहे?”

सौमित्रचा हात खिशावर गेला.

“टाकलीस?”

“नाही.”

“मग?”

त्याने पँटच्या खिशात हात घातला आणि नळी काढून पांघरुणावर ठेवली. बोटभर लांबीची, दोन्ही टोकांना पितळी जोड असलेली. एका अंगाला सुईने कोरलेलं, हे. वा.

तारेतून काढल्यापासून ती त्याच्या खिशात होती. का ते त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. कपडे बदलले की नळी या खिशातून त्या खिशात जायची.

सरांनी ती मुठीत घेतली.

“गरम आहे,” ते म्हणाले.

“खिशात होती ना सर.”

“हं.”

बराच वेळ त्यांनी मूठ उघडली नाही. त्यांना झोप लागली की काय, असं सौमित्रला वाटलं. पडद्यावरची रेघ चालूच होती. एक ठोका, मग उशीर, मग दोन ठोके घाईघाईने. तो ते ठोके मोजत बसला, आणि आपण मोजतोय हे लक्षात आल्यावर त्याने मान फिरवली.

...

“उद्या काय सांगू?” त्याने विचारलं.

सरांनी डोळे उघडले नाहीत.

“सर, मी नाही जात हवं तर. सांगतो की तब्येत बरी नाही. नळी बसवतो, सगळं पुन्हा मोजतो. वर्ष जाईल, जाऊ दे. रेघ उतरत गेली तर तिचं नाव पहिलं लावतो. तिच्या वडिलांना स्वतः जाऊन...”

“काय सांगशील त्यांना?”

“की ती... की तिची रेघ...”

मेंढरांमागे आयुष्य गेलेल्या माणसाला, जो एकही शब्द न बोलता ट्रंक उचलून गेला होता, त्याला रेघेचं काय सांगणार? तुमची मुलगी बरोबर होती, हे सांगणार? आणि मग त्याने विचारलं, की मग ती गेली कशाने... तर?

सौमित्रने लॅपटॉप मिटला. स्टूल पुढे ओढलं. आता त्याच्या आवाजात हुशारीचा मागमूस नव्हता.

“सर, मला उपदेश नको. मला एकच सांगा. जाण्याआधी सांगा. तुम्हाला माहीत आहे. ती बरोबर होती का?”

सरांनी डोळे उघडले.

डाव्या हाताने त्यांनी पांघरूण खाली सारलं. छातीवरची एक तार धरली, चिकटवलेल्या बटणासकट उपटली. सौमित्र “सर!” म्हणून पुढे झुकला, तसा त्यांनी त्याचा हात धरला आणि ते बटण त्याच्या बोटांत दिलं. त्याची बोटं त्यावर मिटवली. आणि त्याचा दुसरा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला.

पडद्यावरची रेघ सपाट झाली.

यंत्र ओरडायला लागलं. सौमित्र पडद्याकडे पाहत राहिला, बोटांतली तार सोडायचंही त्याला सुचलं नाही.

मग रेघ हलली. आधी थोडी. मग वेडीवाकडी, भलतीच उंच, एकात एक घुसलेले सुळके, कसला ताल नाही की थांबणं नाही. शेजारचा आकडा चढत गेला, चढतच गेला. यंत्राचा आवाज बदलून आणखी कर्कश झाला.

“सर! सर, तुमचं हृदय... सिस्टर! सिस्टर, लवकर या, यांचं हृदय बघा काय झालंय...”

व्हरांड्यातून धावत येणाऱ्या चपलांचा आवाज आला.

सर शांत पडले होते. श्वास मघासारखाच संथ होता. त्यांनी सौमित्रचा हात सोडला नव्हता, आणि त्या हाताची थरथर त्यांच्या मनगटापर्यंत पोचत होती. नळी असलेली मूठ त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवली.

“माझं इथे आहे,” ते म्हणाले. “पडद्यावर आहे ते तुझं. वाच.”